बेचाळीसचे एक्केचाळीस

नॉरीन पिकर्सगिल यांनी एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवण वाढलं, आणि त्या एकतीस वर्षांत कुणाच्या ताटात न विचारता वाटाणे म्हणून घातले नाहीत. "वाटाणे हवेत का रे राजा?" हे वाक्य दिवसातून दोनशे वेळा तरी त्यांच्या तोंडून निघत असेल. स्केल्डर्बी गावात चाळिशीच्या आतला जो कोणी आहे, तो कधी ना कधी त्यांच्या डावासमोर ताट धरून उभा राहिलेला आहे. त्यामुळे निवृत्तीनंतर चॅपलमधल्या मैत्रिणींनी आग्रह करून त्यांना कौन्सिलच्या निवडणुकीला उभं केलं आणि त्या निवडून आल्या, यात कुणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्यांना स्वतःला. निकालाच्या दिवशी त्या घरी येऊन आधी कपड्यांना इस्त्री करत बसल्या.

त्यांना मुलांच्या देखरेख समितीवर घेतलं. शाळांचे निकाल कसे आहेत, ज्यांना आईबापांजवळ राहता येत नाही अशा मुलांना कौन्सिल नीट सांभाळतं की नाही, हे बघायचं काम या नऊ जणांचं. ठरवायचा अधिकार त्यांना नाही. प्रश्न विचारायचे आणि शिफारस करायची, एवढंच. दर तिमाहीला त्यांच्यापुढे एक मोठा तक्ता येतो. एकेका ओळीत एकेक आकडा, आणि आकड्यापुढे रंग. चांगलं असेल तर हिरवा, बरं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल.

पहिले सहा महिने नॉरीनबाई गप्प बसून ऐकत होत्या. नोव्हेंबरच्या सभेत मात्र त्यांचं लक्ष एका लाल ओळीवर गेलं. कौन्सिलच्या सांभाळातली चारशेवीस मुलं, त्यांतली एक्कावन्न आपल्या गावापासून वीस मैलांहून लांब ठेवलेली. दहा टक्क्यांच्या खाली असायला हवीत, बाराच्या वर होती. बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. त्यांनी हात वर केला आणि आयुष्यातला पहिला जाहीर प्रश्न विचारला.

"आपली लेकरं आपण एवढी लांब का टाकली आहेत? ती जवळ आणायला काय लागतं?"

मग अध्यक्ष डेसमंड आयरटन म्हणाले, "फार नेमका प्रश्न." मुलांच्या विभागाच्या संचालक फेअरक्लोबाईंनी तो टिपून घेतला. शुक्रवारच्या स्थानिक पेपरात बाईंचा फोटो आला, खाली दोन ओळी. त्यांचे यजमान वॉल्टर यांनी तो कापून फ्रिजवर लावला. तिथे तो ख्रिसमस पार करून मार्चपर्यंत राहिला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कौन्सिलच्या मुलांची पिझ्झा-संध्याकाळ होती. वर्षातून दोनदा ही मुलं आणि नगरसेवक एकत्र जेवतात. नियमाप्रमाणे नगरसेवक हे त्या मुलांचे पालकच, आणि पालकांनी निदान तोंड तरी दाखवावं. लेंटचे, म्हणजे ख्रिस्ती व्रताचे, चाळीस दिवस नुकतेच लागले होते. त्या दिवसांत नॉरीनबाई चहात साखर घालत नसत. आईने सात वर्षांची असताना लावलेला नेम होता, आणि एकसष्ट वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. तर त्या आपला कडू चहा घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या, तेवढ्यात समोर एक मुलगी येऊन उभी राहिली. पंधरा-सोळाची, उंच, स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या.

"वीस मैलवाल्या बाई तुम्हीच ना?"

"कोण वीस मैलवाली?"

"नोव्हेंबरच्या सभेत तुम्ही बोललात. आम्ही बघितलं."

समितीच्या सभा इंटरनेटवर थेट दिसतात हे नॉरीनबाईंना ठाऊक होतं. त्या कुणी बघत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. "तू बघतेस? अगं, आम्हीसुद्धा तिथे डुलक्या काढतो."

"माझ्याबद्दल काय ठरतं ते मला बघायला नको? आम्ही सगळे सोफ्यावर बसतो. मी, जून, केन आणि बिस्किट. बिस्किट म्हणजे कुत्रा. पडद्यावर लिहून येतं, प्रेक्षक एक. तो एक म्हणजे आम्ही."

मुलीचं नाव टॅम्सिन. तिने खुर्ची ओढली, पिझ्झ्याच्या कडा आधी खाल्ल्या आणि मग सगळं सांगून टाकलं. तीन वर्षांपासून ती ऑलरडेल नावाच्या खेड्यात जून आणि केन गारसाइड या जोडप्याकडे राहते. त्याआधी सात घरं झाली. ऑलरडेल इथून तेवीस मैल. मे-जूनमध्ये तिची शाळेची शेवटची परीक्षा. तिथल्या पितळी वाद्यांच्या बँडमध्ये ती हॉर्न वाजवते, सोमवार आणि गुरुवार तालीम.

"आता मला इथे स्केल्डर्बीत आणणार आहेत. नवीन घर. मार्चअखेर."

"मार्चअखेर का?"

"माझ्या सोशल वर्करने सांगितलं, नगरसेवकांची इच्छा आहे मुलं जवळ यावीत म्हणून." टॅम्सिनने बाही आणखी खाली ओढली. "म्हणजे तुमची. तुम्ही सांगितलंत ना, जवळ आणायला काय लागतं विचारलंत ना. ते ऐकून जूनच्या हातातला चहा सांडला होता तेव्हाच."

नॉरीनबाईंनी कप खाली ठेवला. त्या हळूच म्हणाल्या, "आणि शाळा?"

"शाळा तीच. परीक्षेमुळे बदलता येत नाही म्हणे. रोज टॅक्सी पाठवणार. सकाळी सहा पन्नासला."

"आणि तुझं वाजवणं?"

"हॉर्न बँडचा आहे. गाव सोडलं की परत द्यायचा." तिने खांदे उडवले, पण एकच खांदा नीट उडाला. "मी भांडायला नाही आले तुमच्याशी. मला फक्त बघायचं होतं तुम्ही कशा दिसता. पडद्यावर जाड दिसता."

"जाड मी आहेच, पोरी," नॉरीनबाई म्हणाल्या. "तुला काय वाटतं, तू काय करावंस?"

"हे मला कुणी विचारलंच नाही अजून," टॅम्सिन म्हणाली. "मला राहायचंय. एवढंच आहे उत्तर."

घरी आल्यावर नॉरीनबाईंनी सगळ्यात आधी फ्रिजवरचा फोटो काढला.

"काय गं, का काढलास?" वॉल्टर म्हणाले. "चांगला आलाय की."

"त्यातली बाई मला आवडेनाशी झालीय."

वॉल्टर अठ्ठावीस वर्षं चौसष्ट नंबरची बस चालवत होते, स्केल्डर्बी ते ऑलरडेल आणि परत. मुलीचं नाव न घेता बाईंनी त्यांना हकिकत सांगितली, तसं ते टेबलावर बोट फिरवत रस्ता काढू लागले. दगडी पूल, मग चढ, मग मेंढ्यांचं फाटक.

"म्हणजे घर इथे आणि शाळा तिथे. रोज तेवीस मैल जायचं, तेवीस मैल यायचं."

"हो."

"आणि आता ती राहते तिथून शाळा किती?"

"चालत दहा मिनिटं."

"मग मैल कमी कुठे झाले? वाढलेच की. फक्त त्या मैलांना तुमच्या तक्त्यात जागा नाही." वॉल्टर खुर्चीत मागे रेलले. "मी अशी बस चालवली असती तर मला डेपोतून हाकललं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना आटोपून नॉरीनबाईंनी फेअरक्लोबाईंना फोन लावला. संचालकबाई वाईट नव्हत्या. थकलेल्या होत्या. सरकारी तपासणी तोंडावर आली होती आणि त्यांच्या आवाजात फाइलींचा ढीग ऐकू येत होता.

"एका विशिष्ट मुलाबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही, नगरसेविका पिकर्सगिल. आणि समितीत तर तुम्हीही बोलू शकत नाही. सभा जाहीर असते."

"मी नाव घेतलंय का?"

"घेऊ नका म्हणून सांगतेय."

"बरं, नाव राहू दे. तुम्ही मुलांना जवळ आणताय ते कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? तुमच्या समितीने मागणी केली म्हणून. आम्ही त्यावर एक अख्खी योजना केली. अठरा मार्चच्या सभेत अहवाल येतोय. बघाल तुम्ही, खूश व्हाल."

अहवाल आठवडाभर आधी घरी आला. नॉरीनबाईंनी चष्मा लावून ती ओळ शोधली. एक्कावन्नाचे बेचाळीस झाले होते. चारशेवीसपैकी बेचाळीस म्हणजे बरोबर दहा टक्के, म्हणून रंग अजून लाल. आणि पुढे बारीक अक्षरात: एकतीस मार्चला अपेक्षित आकडा, एक्केचाळीस. हिरवा.

सरकारकडे वर्षाचा आकडा जातो तो एकतीस मार्चच्या दिवसाचा. त्या एका दिवशी कोण कुठे झोपलंय त्याचा. बेचाळीस आणि एक्केचाळीस यांच्यामध्ये जे एक मूल होतं, ते पिझ्झ्याच्या कडा आधी खातं आणि स्वेटरच्या बाह्या ओढतं, हे त्या सबंध चोपन्न पानांत कुठेही लिहिलेलं नव्हतं. नॉरीनबाईंनी ते पान उलटं ठेवलं. मग पुन्हा सुलटं केलं. प्रश्न आपला होता, तर पान उलटं ठेवून भागणार नव्हतं.

अठरा मार्चला सभेआधी आयरटनसाहेबांनी सदस्यांना नेहमीप्रमाणे छोट्या खोलीत बोलावलं. ते आधी हेडमास्तर होते आणि अजूनही बायकोचं अंडी उकडायचं घड्याळ सभेला घेऊन येत. प्रत्येक विषयाला किती मिनिटं, ते त्याच्यावर लावून देत.

"विषय पाच, चार मिनिटं," ते म्हणाले. "लालचं हिरवं होतंय. नॉरीन, हे तुमच्यामुळे झालं. दोन शब्द बोला, टाळ्या घ्या."

"मला टाळ्या नकोत, डेसमंड."

"मग एक शब्द बोला."

सभा साडेपाचला सुरू झाली. समितीची सचिव शाहिदा हुसेन अध्यक्षांच्या डाव्या हाताला इतिवृत्ताची वही उघडून बसली होती. तिच्या वहीशेजारी कागदी रुमालात चार खजूर. तिचे रोजे चालू होते, आणि सूर्य सहा वाजून बारा मिनिटांनी मावळत होता. शाळांच्या गैरहजेरीवर चर्चा लांबली, आणि विषय पाच पुकारला तेव्हा सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती.

फेअरक्लोबाईंनी ती ओळ वाचून दाखवली. "समितीच्या मागणीनुसार," हे शब्द त्यांनी दोनदा उच्चारले. आयरटनसाहेबांनी घड्याळाची चावी फिरवली आणि नॉरीनबाईंकडे बघून मान हलवली.

"मला विचारायचंय," नॉरीनबाई म्हणाल्या, "जवळ आलेली जी नऊ मुलं आहेत, ती स्वतःहून आली का?"

"पाच मुलांना परत यायचंच होतं," फेअरक्लोबाई लगेच म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा जरा उजळला. "एक मुलगा तर आजीच्या गल्लीत आलाय. दोघं अठरा वर्षांची झाली, ती आपल्या आकड्यातून गेली. उरलेली दोन... त्यांच्यासाठी योग्य घर जवळ मिळालं."

पाच मुलांचं ऐकून नॉरीनबाईंना बरं वाटलं. प्रश्न अगदीच वाया गेला नव्हता. "त्या दोघांना विचारलं होतं?"

"प्रक्रियेप्रमाणे त्यांची मतं नोंदवली जातात."

"नोंदवली जातात ते ठीक. पण विचारलं होतं का?"

"ते मला आत्ता सांगता येणार नाही."

"आणि पुढचं एक? एकतीस मार्चचं?"

फेअरक्लोबाईंनी पाण्याचा ग्लास उचलला. आयरटनसाहेब खाकरले. "नगरसेविका पिकर्सगिल, आपण एकेका मुलाच्या बाबतीत शिरतोय. ते इथे चालत नाही."

"मी कुणाच्या बाबतीत शिरत नाही, अध्यक्ष महोदय. इथे एक्केचाळीस लिहिलंय, आधी बेचाळीस होतं. मी वजाबाकी केली, इतकंच."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. तेवढ्यात शाहिदाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि आयरटनसाहेबांनी ते पाहिलं. या बाबतीत ते भले होते. "पाच मिनिटं थांबू या," ते म्हणाले. "मिसेस हुसेन, तुमचं होऊ दे."

बाकीचे चहाच्या टेबलाकडे गेले. नॉरीनबाई मात्र शाहिदाच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. शाहिदाने डोळे मिटून काही पुटपुटलं, एक खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायली, आणि रुमाल नॉरीनबाईंपुढे सरकवला.

"तुमचं साखरेचं आहे ना काहीतरी? खजूर चालतो का?"

"चहातली साखर तेवढी बंद आहे. खजुराने नेम मोडत नाही." त्यांनी एक उचलला. "तुला दिवसभर काही वाटत नाही का गं? पाणीसुद्धा नाही म्हणजे..."

"चार वाजता वाटतं. मग जातं." शाहिदाने बी रुमालात ठेवलं आणि आवाज उतरवला. "तुम्ही प्रश्न विचारताय त्याचं उत्तर येईल. उत्तर मी लिहीन. आणि ते माझ्या वहीत निजून राहील."

"मग काय करू?"

"मी नोकर माणूस, मी काय सांगणार. पण प्रश्नाला कुणी बांधील नसतं. शिफारस असली की लेखी उत्तर द्यावंच लागतं."

"किती दिवसांत?"

"दोन महिन्यांत."

"एकतीस मार्चला तेरा दिवस राहिलेत, शाहिदा."

"अध्यक्षांनी तातडीची मानली तर सात दिवस." ती दुसरा खजूर घेत म्हणाली, "आणि कुणीतरी दुजोरा द्यायला हवा. तुमच्या पक्षातलं कुणी देणार नाही. हिरवा रंग सगळ्यांनाच हवाय."

घंटी वाजली, मंडळी परत आली, आयरटनसाहेबांनी घड्याळ पुन्हा चार मिनिटांवर लावलं. नॉरीनबाई उभ्या राहिल्या. इथे कुणी उभं राहून बोलत नाही, पण त्या आयुष्यभर उभ्यानेच वाढत आल्या होत्या, बसून त्यांना सुचलं नसतं.

"मला शिफारस मांडायचीय," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीइतकाच हळू होता, त्यामुळे सगळ्यांना मान पुढे काढावी लागली. "शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या कुठल्याही मुलाला परीक्षा होईपर्यंत घरातून हलवू नये, त्याने स्वतः मागितलं नसेल तर. आणि त्यामुळे ही ओळ लाल राहिली, तर ती समितीच्या सांगण्यावरून लाल आहे असं खाली लिहावं."

आयरटनसाहेबांना काही कळेना. "तुम्हाला आकडा बिघडवून हवाय?"

"एकाने."

"चौदा वर्षं मी या खुर्चीत बसतोय. लाल रंग मागून घेणारं कुणी मला भेटलं नव्हतं."

"नोव्हेंबरमध्ये मी विचारलं, मुलं जवळ आणा," नॉरीनबाई म्हणाल्या. "मुलांना नव्हतं विचारलं. माझी चूक माझ्या नावावर लिहा, माझी हरकत नाही. पण तिचा त्रास दुसऱ्या कुणाला नको. दुजोरा कुणी देईल का?"

त्यांच्या पक्षातल्या तिघांनी एकदम कागद चाळायला घेतले. घड्याळ टिकटिकत होतं, चार मिनिटांतलं अर्धं मिनिट उरलं असेल. समोरच्या पक्षाचा क्रेग हेब्डेन मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. तो नॉरीनबाईंच्या प्रत्येक शब्दाला विरोध करायचा, ते त्याचं कामच होतं. त्याने मोबाइल पालथा घातला.

"मी देतो दुजोरा."

"तुम्ही?" आयरटनसाहेब म्हणाले.

"यांनी मला सहा वर्षं जेवायला वाढलंय," क्रेग म्हणाला. "मला बीट आवडत नसे. सहा वर्षं रोज विचारायच्या, बीट हवं का. रोज नाही म्हणायचो, तरी दुसऱ्या दिवशी विचारायच्याच. एकदाही ताटात पडलं नाही. त्यांच्या राजकारणाशी माझं काही देणंघेणं नाही, ते अगदी बेकार आहे. हे लिहा, मिसेस हुसेन."

"कुठलं लिहू?" शाहिदाने विचारलं. "बीट की बेकार?"

"दुजोरा."

हात वर झाले. बाजूने पाच, विरुद्ध तीन. आयरटनसाहेब स्वतः मत देत नसत. आता ही तातडीची मानायची की नाही एवढंच त्यांच्याकडे होतं. त्यांनी टाय सारखा केला, फेअरक्लोबाईंकडे पाहिलं. त्या टेबलाकडे बघत होत्या, पण त्यांनी खांदे जरा सैल सोडले होते. कुणीतरी पाठीवरचं ओझं धरल्यासारखे.

"मार्चअखेर आहे म्हटल्यावर तातडी नाही कशी म्हणू," आयरटनसाहेब म्हणाले, आणि तेवढ्यात घड्याळ खणखणलं. "विषय सहा."

पुढच्या मंगळवारी सात दिवस भरत होते. नॉरीनबाईंनी त्या सात दिवसांत दोन वेळा अख्खं घर झाडून काढलं. शुक्रवारी स्थानिक पेपरात आलं: 'नगरसेविकेला हवा वाईट आकडा'. फोटो तोच जुना. पक्षाच्या पुढाऱ्याचा फोन आला, त्याने पंधरा मिनिटं शिस्त या विषयावर बोलून घेतलं. बाई "हो का" आणि "बरं" म्हणत राहिल्या. चॅपलमध्ये रविवारी त्यांनी काहीच मागितलं नाही. देवाला तक्ता वाचून दाखवावा असं त्यांना वाटेना. त्या नुसत्या बसून राहिल्या.

सोमवारी संध्याकाळी फोन वाजला.

"शिफारस मान्य केली आहे," फेअरक्लोबाई म्हणाल्या. "लेखी उत्तर उद्या येईल. यापुढे कुणालाही हलवण्याआधी त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत फाइलीत लागेल. जी दोन आधी आली, त्यांनाही भेटून विचारायला मी माणूस पाठवलंय." मग जरा थांबून, "एका प्रकरणात गुरुवारी बैठक झाली. मी स्वतः गेले होते. मला तुम्हाला काहीही सांगता येत नाही."

"नका सांगू."

"फक्त एवढंच विचारते, पितळी बँडची तालीम इतकी मोठ्याने का असते? माझं डोकं अजून दुखतंय."

"बाई," नॉरीनबाई म्हणाल्या, "चहा घ्या. साखर घालून घ्या."

जूनच्या सभेत वर्षाचा तक्ता आला. बेचाळीस. दहा टक्के. लाल. खाली तारांकित टीप, 'समितीने सांगितल्याबरहुकूम', आणि त्यातला 'बरहुकूम' हा जड शब्द फेअरक्लोबाईंच्या कार्यालयाने मुद्दाम घातला असावा असं नॉरीनबाईंना वाटलं. नोव्हेंबरनंतर आणलेल्या त्या दोघांपैकी एकाला इथे आवडलं होतं. दुसरीला परत जायचं होतं, तिची व्यवस्था चालली होती. ती परतली की त्रेचाळीस होणार होते.

"विषय पाच," आयरटनसाहेब म्हणाले. "समितीने स्वतः मागवून घेतलेली लाल ओळ. कुणाला प्रश्न?"

सगळ्यांनी नॉरीनबाईंकडे पाहिलं. त्यांच्याजवळ एक प्रश्न लिहून आणलेला होता, शाळांतल्या नाश्त्याबद्दल. त्यांनी तो पुन्हा वाचला, खाली पेन्सिलीने लिहिलं, 'आधी मुलांना विचारणे', आणि कागद पर्समध्ये ठेवून दिला.

शाहिदासमोर सभा दाखवणारा छोटा पडदा होता. तिने तो जरासा बाईंच्या बाजूला वळवला. कोपऱ्यात लिहिलं होतं, प्रेक्षक एक.

नॉरीनबाईंनी ते वाचलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. उद्या बुधवार, गणिताचा पेपर. सबंध जिल्ह्यातल्या सोळा वर्षांच्या मुलांचा.

"अध्यक्ष महोदय, प्रश्न नाही, एक सूचना आहे," त्या म्हणाल्या, आणि छतालगतच्या कॅमेऱ्याकडे वळून त्यांनी जेवणघरातल्या जुन्या आवाजात सांगितलं, "घरून जे कोणी बघत असेल, त्याने आता हे बंद करावं आणि अभ्यासाला बसावं."

"हे इतिवृत्तात घेऊ?" शाहिदाने विचारलं.

"नको," आयरटनसाहेब म्हणाले. "किंवा घ्या."

पडद्यावरचा एक गेला, शून्य आलं. विषय सहा निघाला, शाळांच्या गळक्या छपरांचा. तो अर्ध्यावर आला असेल नसेल, तर कोपऱ्यात पुन्हा एक दिसू लागला. जूनबाईंनी स्वयंपाकघरात लावून घेतलं असणार, आवाज बारीक करून. नॉरीनबाईंनी स्वेटर नीट केला आणि छपरांकडे लक्ष दिलं.